ग्रामसभा भरते, पण गाव येत नाही: या चुका टाळा

गणपूर्तीअभावी सभा तहकूब. काही दिवसांनी पुन्हा बोलावली, तेच वीस-पंचवीस जण आले आणि सगळे ठराव एकमताने मंजूर! तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही सवलत कित्येक कारभाऱ्यांनी अंगवळणी पाडून घेतली आहे. एरवी कायद्याला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी माणसं लागतात. हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमत नसतील, तर चूक बहुधा सभेच्या आधीच झालेली असते. कामं ठरलेली असतात, गावाला बोलावलं जातं ते हात वर करायला. लोकांना हे बरोबर कळतं.

यावर मेंढा-लेखाचा (जि. गडचिरोली) उपाय मला सर्वांत पटतो. तिथे अभ्यासगट विषय आधी उलगडून मांडतो, ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. वेळ लागतो, पण ठराव मोडायला नंतर कोणी धजत नाही.

दुसरी चूक, पैशाचं गणित झाकून ठेवणं. लोक सभामंडप मागतात, सरपंच 'निधीत बसत नाही' म्हणतात आणि संशय सुरू होतो. २०२१ ते २०२६ साठी १५ व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेसाठी बंधित (म्हणजे दुसऱ्या कामाला वापरता न येणारा) ठेवला, हे किती गावांत फलकावर लिहिलं गेलं? बंधित किती, अबंधित किती, एवढे दोन आकडे खडूने लिहिले तरी निम्मी भांडणं मिटतात.

महिला सभा तर अनेक ठिकाणी रजिस्टरातच भरते. शिपाई घरोघरी जाऊन सह्या आणतो. सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा. नळाचं पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचतं की नाही, हे तिथेच कळेल.

आणि 'आपल्याला पोपटराव पवारांसारखा माणूस हवा' म्हणत बसू नका. दुष्काळी हिवरे बाजार गाव पालटल्याचं श्रेय त्यांना आहेच, पण शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम टिकला तो दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडल्या जाणाऱ्या पाण्याच्या ताळेबंदामुळे. यंदा विहिरींत किती आहे हे दिसलं की कोणतं पीक घ्यायचं नाही, ते शेतकऱ्याला पटवावं लागत नाही.

श्रमदानाचे फोटो काढा खुशाल. गाळ पुढच्या वर्षी कोण काढणार, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा.

पुढच्या सभेत नवा विषय घेण्याआधी मागचे ठराव वाचा: काय झालं, काय राहिलं, कोणामुळे अडलं.