हॉटस्पॉट काढण्याआधी शेजार ठरवा: डेंग्यूच्या नकाशासाठी स्पेशिअल वेट्स

हॉटस्पॉट (योगायोगाहून जास्त रुग्ण दाटलेली जागा) दाखवणाऱ्या नकाशावरचा लाल रंग रुग्णांच्या आकड्यांवर जितका अवलंबून असतो, तितकाच तुम्ही शेजारी कोणाला धरता यावरही असतो. ही शेजाऱ्यांची यादी म्हणजेच स्पेशिअल वेट्स. बरेच जण सॉफ्टवेअरने आपणहून भरलेले अंतर तसेच ठेवून पुढे जातात आणि नकाशा तिथेच बिघडतो. पुणे शहरातले डेंग्यूचे रुग्ण पत्त्यावरून नकाशावर मांडले आहेत आणि गेटिस-ऑर्ड जी-आय-स्टार, म्हणजे हॉटस्पॉट शोधणारी सांख्यिकी चाचणी, चालवायची आहे, असे धरून पुढची रीत दिली आहे.

आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याची पद्धत, बघा. जीपीएसचे बिंदू अक्षांश-रेखांशात येतात. तिथे अंतराच्या रकान्यात 500 लिहिले तर त्याचा अर्थ 500 अंश होतो आणि सगळे शहर एकमेकांचे शेजारी बनते. पुणे, मुंबई, नाशिकसाठी यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी प्रक्षेपण पद्धत) 43 उत्तर घ्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधला ईपीएसजी क्रमांक 32643. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी 32644. मग अंतरे मीटरमध्ये येतात.

मग बिंदू मोजा. प्रत्येक रुग्णाला नुसता 1 देऊन जी-आय-स्टार चालत नाही. सगळ्या किमती सारख्या असल्या की प्रमाण विचलन शून्य होते आणि सूत्रात शून्याने भागाकार येतो. म्हणून शहरावर 250 मीटरच्या चौकोनांची जाळी, म्हणजे ग्रिड, टाकून दर चौकोनातले रुग्ण मोजा. वस्तीच नसलेले चौकोन, म्हणजे टेकड्या, नदीपात्र, लष्करी हद्द, काढून टाका. ते शून्य म्हणून राहिले तर सरासरी खाली येते आणि साधी वस्तीसुद्धा तापलेली दिसते. लोकसंख्या हाताशी असेल तर दरच (लोकसंख्येमागे रुग्ण) वापरा, नाहीतर दाट वस्तीचाच नकाशा हाती येईल.

आता मुख्य काम, अंतर. ते रोगाच्या स्वभावावरून ठरवायचे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास जन्मठिकाणापासून फार लांब जात नाही. जागतिक आरोग्य संघटना 400 मीटरपर्यंतचा पल्ला सांगते. चौकोनाच्या मध्यापासून मध्यापर्यंत 500 मीटरचा ठरावीक पट्टा त्याला जुळतो. आत असेल त्याला वजन 1, बाहेर 0.

250 च्या ग्रिडवर 250 मीटरला 4 शेजारी मिळतात, 354 ला 8, 500 ला 12, 560 ला 20, 708 ला 24 आणि 750 ला 28. मधल्या अंतरांनी काहीच बदलत नाही, 400 लिहा की 450, शेजारी 8 च. नेमके 500 लिहू नका. दशांशातल्या बारीक फरकाने कडेचे शेजारी कधी आत, कधी बाहेर पडतात. 505 लिहा.

निवडीचा परिणाम एकाच चौकोनावर बघा. समजा 1000 चौकोन आहेत, सरासरी 0.8 रुग्ण, प्रमाण विचलन 1.5. पट्टा 400 चा असताना चौकोन स्वतः धरून 9 चौकोनांत 20 रुग्ण असतील तर झेड (आकडा योगायोगाच्या अपेक्षेपासून किती दूर आहे याचे माप) 2.86 येतो, म्हणजे 99 टक्क्यांचा हॉटस्पॉट. पट्टा 505 केला, 13 चौकोनांत 24 रुग्ण, झेड 2.53, म्हणजे 95 टक्के. 750 च्या थोडे वर गेलो, 29 चौकोनांत 35 रुग्ण, झेड 1.48, आणि हॉटस्पॉट गायब! रुग्ण तेच, चौकोन तोच. म्हणून अंतर नकाशा बघण्याआधी ठरवायचे आणि नकाशाच्या सूचीत लिहायचे. लाल रंग आवडेपर्यंत अंतर बदलत बसणे ही फसवणूकच आहे, भले ती नकळत होवो.

पडताळणी म्हणून वाढत्या अंतरांना मोरान्स आय (सारख्या किमती जवळजवळ येतात का, याचे सगळ्या शहरासाठीचे एकच माप) काढा आणि त्याचा झेड कुठे शिखर गाठतो ते बघा. पहिले शिखर डासाच्या पल्ल्याजवळ आले तर उत्तम. झेड नुसताच वाढत गेला तर शहरभराचा कल मोजला जातोय असे समजा आणि आपले 505 सोडू नका.

ग्रिड न करता दवाखाने किंवा विहिरी यांसारखी विखुरलेली ठिकाणे घेतलीत तर अडचण वेगळी. प्रत्येकाला किमान एक शेजारी मिळावा म्हणून जिओडा हे सॉफ्टवेअर सुरुवातीचे अंतर सर्वांत एकाकी बिंदूवरून काढते. दूर गावाबाहेरचे एकच ठिकाण असे अंतर 4 किलोमीटरवर नेऊन ठेवते आणि मध्यवर्ती पेठेतल्या बिंदूला शेकडो शेजारी चिकटतात. असा बिंदू बाजूला ठेवून अंतर काढा, मग त्याच्यापुरते जवळचे 8 शेजारी द्या. सगळ्यांनाच जवळचे 8 दिले तर पेठेत शेजार 200 मीटरचा आणि उपनगरात 2 किलोमीटरचा होतो. घनता फार असमान असेल तेव्हाच हा मार्ग.

अंतराच्या व्यस्त प्रमाणातली वजने इथे टाळा. एकाच इमारतीतले दोन बिंदू शून्य अंतरावर येतात आणि त्यांचे वजन बाकी सगळ्यांना गिळते. ओळींचे प्रमाणीकरण (प्रत्येक ठिकाणाच्या शेजाऱ्यांच्या वजनांची बेरीज 1 करणे) करायचे का, यावर वेळ घालवू नका. एका ओळीतली सगळी वजने एकाच संख्येने भागली तर जी-आय-स्टारचा झेड बदलत नाही. मात्र स्वतःचे वजन त्याआधी यादीत घाला. मोरान्स आयमध्ये प्रमाणीकरणाने फरक पडतो.

चालवण्याआधी शेजाऱ्यांच्या संख्येचा आलेख काढा. शून्य शेजारी असलेला एकही चौकोन नको. हद्दीवरच्या चौकोनांना 12 ऐवजी 5 ते 8 च मिळतात, म्हणून शक्य असेल तर हद्दीबाहेर 500 मीटरपर्यंतचे रुग्ण गणितात घ्या आणि नकाशा काढताना ती पट्टी कापा. बहुतेक चौकोन शून्याचे असतील तर नुसत्या झेडवर विसंबू नका, चौकोनांच्या किमतींची 999 वेळा अदलाबदल करून पी-मूल्य (इतका आकडा योगायोगाने येण्याची शक्यता) घ्या. हजार चौकोन तपासताना 5 टक्क्यांच्या कसोटीवर सुमारे 50 उगाचच पार होतात, तेव्हा अशा खोट्या हॉटस्पॉटचे प्रमाण आवरणारी एफडीआर दुरुस्ती चालू ठेवा.