वाघिणीला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

सिनेमासाठी रानटी जनावरांना शिकवते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “ताब्यात कसं ठेवता?” मी ताब्यात ठेवत नाही. जनावरानं आपण होऊन यावं, सांगितलेलं करावं आणि नको वाटलं तर निघून जावं, अशी सोय आधी लावते. शॉट त्यातूनच मिळवायचा. या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना मी जे शिकवते, ते इथे लिहिते आहे. तुमच्या देशात ज्या प्राण्याकडून काम करून घ्यायला बंदी आहे, त्याच्यासाठी यातलं काहीही वापरायचं नाही.

चाबूक, खुर्ची, हवेत झाडलेला बार हे सगळं सर्कशीच्या रिंगणातून सिनेमात आलं. हॉलिवूडमध्ये ते नाकारून मायेनं शिकवण्याची पद्धत ज्यांनी रुजवली, त्यांत राल्फ हेल्फर यांचं नाव मोठं. त्यांनी तिला ‘अफेक्शन ट्रेनिंग’ म्हटलं. पण माया लावली म्हणजे जनावर पाळीव झालं असं समजू नका. १९५९ साली सोव्हिएत रशियात कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यात माणसाला न बुजणारे कोल्हे पिढ्यानपिढ्या निवडत गेले, तेव्हा कुठे शेपटी हलवत जवळ येणारी पिल्लं निपजली. तुमच्या हातून दूध प्यायलेला वाघ हा वाघच असतो. १९८१ च्या ‘रोअर’ या सिनेमात सिंहवाघांवर मनापासून जीव लावणारी माणसं त्यांच्यात मोकळी वावरली. त्या चित्रीकरणात सत्तरच्या आसपास लोक जखमी झाले आणि छायाचित्रकाराच्या डोक्याची कातडी सोलली गेली. म्हणून माझ्याकडे मोठ्या मांजरांचं (वाघ, सिंह, बिबट्या) आणि अस्वलांचं सगळं शिक्षण जाळीच्या पलीकडून होतं. हत्तींसाठी ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन डिएगोत आकाराला आली, पुढे ती इतर प्राण्यांनाही लागू झाली. मधे जाळी असली की मला जनावरावर दरारा बसवावा लागत नाही आणि त्याला नकोसं झालं तर पाठ फिरवून जाता येतं.

सुरुवातीला काहीच शिकवू नका. आवाराबाहेर बसा, वही घ्या, लिहा. वाघीण कधी झोपते, कुठल्या कोपऱ्यात जायचं टाळते, गाडीचा आवाज आला की कान कुठे वळतात, खाताना मान वर करून कुणाकडे बघते. माझ्याकडची मैना नावाची वाघीण पाण्याच्या हौदापाशी असली की खुशीत असते आणि शिडी घेऊन जाणारा माणूस दिसला की नसते. हे कागदावर नसतं, तर मी सेटवर शिडीजवळच तिची जागा लावून बसले असते. खूश असलेला वाघ नाकातून फुर्र-फुर्र असा हवेचा आवाज काढतो. तुम्हीही तसाच काढून उत्तर द्या. सिंह हा आवाज काढत नाही, तो डोकं घासतो. ज्या दिवशी जनावर तुम्हाला बघून उठून जाळीपाशी येईल, त्या दिवशी पहिला धडा.

पहिला धडा आवाजाचा. मांसाचा तुकडा चिमट्यातून तोंडापर्यंत जायला एक-दोन क्षण लागतात. तेवढ्यात जनावरानं दुसरंच काहीतरी केलेलं असतं आणि बक्षीस कशाचं मिळालं हे त्याला कळत नाही. म्हणून क्लिकरचा, म्हणजे बोटानं दाबायच्या छोट्या डबीचा ‘टक्’ किंवा शिट्टी. टक् झालं की खाणं येणार, हे आधी डोक्यात पक्कं करायचं. मग पाहिजे ती कृती घडली त्याच क्षणी टक्. पुढे आवाज टिपला जाणाऱ्या शॉटमध्ये शिट्टी चालत नाही, तेव्हा त्याच जागी छोटा दिवा किंवा हाताची खूण शिकवून ठेवा.

मांसाचे तुकडे रोजच्या खाण्यातूनच काढायचे. पिंजऱ्यातली मोठी वाघीण दिवसाला साधारण ५ ते ६ किलो मांस खाते. त्यातला थोडा भाग शिकवताना आणि उरलेला संध्याकाळी, तिनं काम केलेलं असो वा नसो. उपाशी ठेवून शिकवणारे लोक आजही आहेत. भुकेलं जनावर झटपट शिकतं, हे खरं. पण ते ताणात शिकतं, मांस धरलेल्या हाताकडे टक लावून शिकतं, आणि सेटवर तो हात तुमचा असतो.

यानंतर वाहतुकीचा पिंजरा, आणि यात घाई केलेली मला अजिबात खपत नाही. पिंजरा आवारातच ठेवून द्या, दोन्ही दारं उघडी आणि दोरीनं घट्ट बांधलेली, म्हणजे वाऱ्यानं पडून घाबरवणार नाहीत. रोजचं खाणं आधी दारासमोर, मग उंबऱ्यावर, मग आत. वाघीण पुढचे पाय आत टाकून मान लांब करते, तुकडा उचलते आणि मागे सरकते. सरकू द्या. काही दिवसांनी मागचा एक पाय आत येतो, आणि तो पाय जमिनीवर टेकलाय की नुसता अधांतरी धरलाय, हे नीट बघा. अधांतरी असेल तर ती अजून निघायच्या तयारीत आहे. चारही पाय टेकून, शेपटी सैल सोडून ती आत खाऊ लागली की दाराला हात लावायचा. आधी नुसती दोरी सोडायची. मग दार बोटभर हलवून पुन्हा जागेवर. मग अर्धं. मग पूर्ण बंद, एक घास खाईपर्यंत, आणि तिनं वळून दाराकडे बघायच्या आत उघडं. हेच मिनिटांवर न्यायचं, नंतर इंजिन चालू असलेल्या गाडीवर. अशा पिंजऱ्याला जनावर स्वतःचं घर मानतं. सेटवर काही बिनसलं, तर पळायची दिशा त्याच्या डोक्यात आधीच ठरलेली असते, आणि ती पिंजऱ्याकडची असते.

पुढचे धडे मी भराभर सांगते, कारण पाया झाला की ते जमतात. काठीच्या टोकाला चेंडू लावून त्याला नाक लावायला शिकवणं, म्हणजे टार्गेट. टार्गेट जिथे जाईल तिथे जनावर जातं. जमिनीवर फळी किंवा सपाट दगड ठेवून त्यावर पुढचे पाय टेकून थांबायला शिकवणं, म्हणजे मार्क. एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे बझर वाजला की जाणं, याला आम्ही ए टू बी म्हणतो. पडद्यावर सिंह सावजाच्या मागे धावताना दिसतो, तेव्हा तो बहुतेकदा बीकडच्या मांसाकडे निघालेला असतो. आणि कॅमेऱ्यासाठी काही शिकवायच्या आधी तब्येतीचे धडे: तोंड उघडून दाखवणं, पंजा जाळीला लावणं, रक्त घेण्यासाठी शेपटी जाळीतून बाहेर येऊ देणं. हे येत नसेल, तर साध्या तपासणीसाठीही जनावराला भूल द्यावी लागते आणि भुलेत धोका असतोच. शॉटसाठी भूल द्यायचा तर विषयच नको. मेलेला वाघ हवा असेल, तर कुशीवर पडून राहायला शिकवा.

काय शिकवायचं हे जनावराच्या स्वभावातून काढा. केलर आणि मॅरियन ब्रेलंड या प्रशिक्षक दांपत्यानं १९६१ साली एक लेख लिहिला, तो या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचावा. त्यांनी रॅकून या अमेरिकेतल्या छोट्या रानटी प्राण्याला नाणं डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं असेतो काम ठीक चाललं. दोन दिली की तो ती टाकेना, एकमेकांवर घासत बसे, जणू खेकड्याचं कवच सोलतोय. खाणं मिळत नव्हतं तरी घासत राही. रानातली सवय शिकवलेल्या धड्यापेक्षा जुनी असते. म्हणून पटकथा हातात आली की मी प्रत्येक ओळीपुढे लिहिते, हे जनावर रानात असं काही करतं का? करत असेल तर शिकवणं सोपं जातं.

चवताळलेल्या वाघाचंच घ्या. पूर्वी काठीनं डिवचून, आवाज करून तो चेहरा काढत. मैनाकडून मी तो दोन प्रकारे घेते. एक, तोंड उघडण्याचा तब्येतीचा धडा आहेच. खालून, जवळून टिपला की सुळे आणि लाल जीभ भरून दिसते. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. दुसऱ्या वाघाचा वास लागलेलं गवत मार्कपुढे ठेवायचं. ती हुंगते, थांबते, मग मान उचलून वरचा ओठ वर ओढते, नाकावर आडव्या सुरकुत्या पडतात, दात उघडे होतात, जीभ जराशी बाहेर येते आणि डोळे बारीक होतात. तोंडाच्या वरच्या भागातल्या एका इंद्रियापर्यंत वास पोचवण्याची ही तिची रीत. अगदी शांतपणे चाललेलं असतं. डरकाळी नंतर ध्वनिमुद्रणात जोडली की प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो. एवढंच लक्षात ठेवा की यात जीभ दिसते आणि कान पुढेच राहतात, खरा राग असला तर कान पाठीमागे चपटे होतात. जाणकाराला फरक कळेल, दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवा.

सेटचा गोंगाट आवारात आणून सवयीचा करायचा. क्लॅप, बूम (लांब दांड्यावरचा माइक), ट्रॉलीचे रूळ, जनरेटर, परावर्तकाची चकाकणारी फळी. एका दिवशी एकच वस्तू, लांबून, खाणं चालू असताना. खाणं थांबलं तर वस्तू मागे न्या. लांडग्याला नव्या वस्तूची भीती सगळ्यांत जास्त, त्याला दुप्पट वेळ द्या. आणि लांडग्यावर वर्चस्व गाजवायचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. कळपावर जरब बसवणाऱ्या ‘अल्फा’ची कल्पना अनोळखी लांडगे एकत्र कोंडून केलेल्या निरीक्षणांतून आली होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये सविस्तर मांडलं की रानातला कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं असाच असतो.

आता या कामातली मुख्य गोष्ट, नकार ओळखणं. वाघाच्या शेपटीचं नुसतं टोक आपटायला लागलं, बुबुळं एकाएकी मोठी झाली, खाणं नसताना जीभ ओठांवरून फिरू लागली, घेतलेला तुकडा तोंडातून पडू दिला, की झालं, तो ‘नाही’ म्हणतोय. अस्वल जबडा खट्खट् वाजवतं, लाळ गाळतं. हत्ती एकदम स्तब्ध होतो आणि सोंडेचं टोक वाऱ्याकडे धरतो. नर हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामधून स्राव ओघळत असेल, तर तो मस्तावर आहे, त्या दिवसांत कॅमेरा आणूच नका. यातलं काहीही दिसलं की टार्गेट खाली, पिंजऱ्याचं दार उघडं, आणि आत गेल्यावर नेहमीचा घास. नकाराला शिक्षा झाली तर जनावर खुणा दाखवणंच सोडून देतं. मग पुढचा नकार थेट पंजानं येतो आणि त्याआधी तुम्हाला काहीच दिसलेलं नसतं.

म्हणून करारात माझं एक कलम पक्कं असतं: जनावर समोर असताना ‘कट’ म्हणायचा अधिकार माझा, कारण न सांगता. सेटवर मोजकी माणसं, लहान मूल एकही नाही. कुणी धावायचं नाही, वाकून बुटाची नाडी बांधायची नाही, कारण खाली वाकलेलं माणूस मोठ्या मांजराला सावजाएवढं दिसतं. अत्तर, डिओ बंद. काही अत्तरांतला कस्तुरीसारखा वास मोठ्या मांजरांना ओढून आणतो. काम पहाटे किंवा संध्याकाळी, पायाखालची जमीन तापलेली नसताना. नटाला वाघाच्या शेजारी उभं करायचा हट्ट झाला, तर मी कॅमेरा जागेवर घट्ट बसवायला सांगते. आधी वाघीण एकटी टिपायची, ती गेल्यावर नट एकटा, मग दोन्ही चित्रं जोडायची. १९३८ च्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’मध्येही बिबट्यासोबतच्या काही शॉट्ससाठी हीच युक्ती होती. तेव्हा जे जमलं ते आज जमत नाही, हे मी ऐकून घेत नाही. २०१२ च्या ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघही बहुतांश संगणकावरचाच होता आणि कुणाचं काही अडलं नाही.

शेवटचा मुद्दा, जो निर्मात्यांना सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो. चित्रीकरण आठवड्यांत आटोपतं, वाघीण मात्र चांगल्या देखभालीत वीसेक वर्षं जगू शकते. बार्ट नावाचं कोडिअक अस्वल १९७७ मध्ये जन्मलं, बऱ्याच सिनेमांत दिसलं आणि २००० मध्ये वारलं. डग आणि लिन सूस या प्रशिक्षक दांपत्यानं त्याला अखेरपर्यंत सांभाळलं आणि १९९० मध्ये रानातल्या ग्रिझली अस्वलांसाठी जमीन राखणारी संस्थाही काढली. मी नव्या लोकांना सांगते, होकार द्यायच्या आधी कागदावर लिहून मागा: सिनेमा संपल्यावर हे जनावर कुठे राहणार, आवार केवढं, डॉक्टर कोण, खाण्याचे पैसे कुणाकडून आणि किती वर्षं. पैसे आगाऊ, वेगळ्या खात्यात, शॉट मिळो न मिळो. इथे निर्माता अडला, तर मी त्याच बैठकीत व्हिज्युअल इफेक्ट्सवाल्यांना बोलावते. चाल, वळण, बसणं अभ्यासायला त्यांना मैनाच्या आवाराबाहेर कॅमेरा लावू देते, आणि ती मात्र हौदापाशी तिच्या मर्जीनं पडलेली असते.