शू झाली, हे मुलाला कळू द्या

डिस्पोजेबल डायपरमधली जेल शू झटकन शोषून घेते आणि अंगाला लागणारा थर कोरडा ठेवते. रॅशच्या दृष्टीने ते बरंच. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला आपण शू केली हेच कळत नाही. मग ते सांगणार तरी काय?

म्हणून पॉटीची सवय लावायची तर दिवसातले काही तास घरात डायपर काढून साधी सुती चड्डी घाला. शू झाली की ओघळ घोट्यापर्यंत येतो, मूल थबकतं, खाली बघतं. तेवढ्यात "शू झाली, ओलं झालं ना?" एवढंच म्हणा आणि लगेच चड्डी बदला. धडा म्हणून ओल्यात बसवून ठेवू नका. शिकत काही नाही, मांड्या मात्र लाल होतात. चड्डी सलग दोन तास कोरडी राहायला लागली की झोपून उठल्यावर, जेवल्यावर पॉटीवर बसवायला सुरुवात करा.

मुंबईत हे जून-जुलैत काढू नका. दोरीवरच्या चड्ड्या दुसऱ्या दिवशीही दमटच, आणि दमट चड्डीतल्या मुलाला ओलं-कोरडं कसं कळावं? दिवाळीनंतर बघा. लादी पुसायची तयारी तेव्हाही हवीच.

लोकलने आजीकडे जायचं असेल तर खुशाल डायपर घाला. रात्रीचाही इतक्यात काढू नका. रात्रभर कोरडं राहणं पुष्कळ उशिरा जमतं, पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं नेहमीचंच. गादीवर रबरी शीट अंथरा.