आमसुलं फोटोत काळी येतात?

आमसुलं ऑनलाइन विकायला काढली नि फोटोत ती कोळशासारखी दिसली, की पहिला मोह होतो तो सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवण्याचा. मीही वाढवलं. सोलं जांभळीभडक झाली, आणि पार्सल उघडून पुण्याच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "ही गेल्या वर्षीची आहेत का हो?"

आता फोटो काढतानाच ताटलीच्या कडेला साधा पांढरा कागद ठेवते. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगझाक काढायची सोय) उघडून ड्रॉपर, म्हणजे रंग टिपायची खूण, त्या कागदावर नेला की रंग जागेवर येतो. मग कागद क्रॉप करून टाकायचा. पडवीत चिऱ्याच्या भिंतीजवळ लाल झाक येते, पावसाळी ढगांत निळसर. कागदामुळे दोन्ही सुटतात. पिवळा बल्ब मात्र बंदच ठेवा. खिडकीचा उजेड नि बल्ब एकत्र आले की कागदही हात टेकतो.

त्यानंतर फक्त शॅडोज, म्हणजे फोटोतले काळोखे भाग, थोडे वर, म्हणजे सालीच्या सुरकुत्या नि मिठाची कणी दिसते. आगळाच्या (कोकमाच्या खारट रसाच्या) बाटलीमागे पांढरा कागद उभा करा, उजेड आरपार आला तरच तो लालजांभळा रंग कळतो. आणि काचेवरचे बोटांचे ठसे? ते फोटोत घालवत बसण्यापेक्षा आधी फडक्यानं पुसा.