प्रथिनांच्या रचना एकमेकींवर बसवताना: आधी स्थिर भाग निवडा

बडोद्याचे दोन काळांतले नकाशे एकमेकांवर ठेवायचे झाले तर आधी मांडवी आणि चार दरवाजे जुळवायचे. मग शहर कुठे पसरलं ते आपोआप दिसतं. सगळा नकाशा एकदम जुळवायला गेलात तर मांडवीच सरकलेली दिसेल! प्रथिनांचंही तसंच आहे.

सरावासाठी ई. कोलायचं अ‍ॅडेनिलेट कायनेज हे एन्झाइम घ्या, २१४ अमिनो आम्लांचं. पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहातली ४एकेई ही त्याची उघडी रचना, तर १एकेई ही एपी५ए हा निरोधक (एन्झाइमचं काम थांबवणारा रेणू) धरून मिटलेली. पायमॉल या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फेच’ या कमांडने दोन्ही आणा (कोड आणि कमांड टाइप करायच्या रोमन लिपीतच). दोन्हींत ए आणि बी अशा दोन साखळ्या आहेत. बी आणि पाणी काढून टाका. बी राहिली तर प्रथिनाऐवजी स्फटिकातली साखळ्यांची मांडणी जुळवत बसाल.

आता ‘अलाइन’ ही जुळवणारी कमांड. आधी हलणारी रचना लिहायची, मग स्थिर. आरएमएसडीचा (जुळवलेल्या अणूंमधल्या सरासरी अंतराचा) आकडा छोटा आला म्हणून लगेच खूश होऊ नका. ही कमांड मुळात पाच फेऱ्या करते आणि दर फेरीत न जुळणाऱ्या जोड्या वगळते. किती अणू उरले ते आकड्याशेजारीच छापलेलं असतं. ते न वाचता आरएमएसडी प्रबंधात लिहिणं ही नेहमीची चूक. ‘सायकल्स’ (म्हणजे या फेऱ्या) शून्य करून फक्त सी-अल्फा अणू (प्रत्येक अमिनो आम्लातला मधला कार्बन) घेतले की तोच आकडा सुमारे ७ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) होतो. पण नेमकं काय हललं, ते यातूनही कळत नाही.

म्हणून गाभा, म्हणजे स्थिर भाग, निवडा: अमिनो आम्लं क्रमांक १–२९, ६०–१२१ आणि १६०–२१४. दोन्ही रचनांतले एवढेच सी-अल्फा देऊन, सायकल्स शून्य ठेवून पुन्हा अलाइन करा. रचना पूर्णच हलते, जुळणी मात्र गाभ्यावरून होते. आता झाकण (१२२–१५९) आणि एएमपी हा छोटा रेणू धरणारा भाग (३०–५९) कसे मिटतात ते स्पष्ट दिसेल. झाकण किती सरकलं ते ‘आरएमएस-कर’ने मोजा (टाइप करताना मध्ये अंडरस्कोर). ही कमांड रचना न हलवता, आहे तिथेच मोजते. एकही अणू जुळला नाही असं म्हणाली तर साखळीचं नाव किंवा अमिनो आम्लांचे क्रमांक दोन्हीकडे सारखे नाहीत.

अमिनो आम्लांच्या क्रमातलं साम्य साधारण ३० टक्क्यांच्या वर असेल तर अलाइन पुरते. त्याखाली ‘सुपर’ ही कमांड, आणि साम्य नावालाच उरलं असेल तर ‘सीई-अलाइन’. हिच्यात रचना लिहायचा क्रम उलटा: आधी स्थिर, मग हलणारी. इथे हमखास फसायला होतं.

आणखी एक खाच: ‘सीए’ (सी-अल्फाचं पायमॉलमधलं नाव) या नावाने निवड केली की कॅल्शियमचे आयनही आत येतात. निवडीत ‘पॉलिमर’ हा शब्द जोडला की ते बाहेर राहतात.