अंजिराची कलमं बांधायचीत? मग हेच दिवस

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, पुण्यातली थंडी ओसरते आणि अंजिराचे डोळे फुगायला लागतात, काडी लावा नाहीतर कलम बांधा, जे काय करायचं ते आत्ताच, मार्चचं ऊन सुरू झालं की नाजूक फुटवा करपतो.

परसात जागा एका झाडाची आणि हौस चार जातींची, हे सगळ्यांचंच रडगाणं. म्हणून आपलं पुना अंजीर, सासवड-दिवे भागात असतं तेच (2016 मध्ये पुरंदरच्या अंजिराला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय), त्याचं एक दणकट झाड धरा आणि दिनकर, डायना, ब्राऊन टर्की त्याच्याच वेगवेगळ्या फांद्यांवर चढवा. फक्त मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर फळं देणारा हंगाम, धरला असेल तर फळं असलेल्या फांद्यांना हात लावू नका.

काडी पेन्सिलीएवढी जाड, पिकलेली, दोन-तीन डोळ्यांची. पाचर कलम, म्हणजे फांदीला चीर देऊन त्यात पाचरेसारखी तासलेली काडी बसवणं, सोपं पडतं. पण खरी गोम चिकात आहे, माझी पहिल्या वर्षीची सगळी कलमं वाळली कारण काप घेतला की लगेच बांधून मोकळा झालो. आता फांदी कापली की दहा मिनिटं चीक गळू देतो, ओल्या फडक्याने पुसतो, मग पाचर बसवून निदान एका बाजूची साल सालीला भिडवतो आणि पट्टी घट्ट आवळतो, वरून प्लॅस्टिकची पिशवी, तीही सावलीत. ग्लोव्हज घाला हो, चीक लागलेल्या हातावर ऊन पडलं की फोड येतात!

ज्यांच्याकडे झाडच नाही त्यांनी वीतभर काडी, दोन डोळे मातीत जातील अशी, रेती-कोकोपीटमध्ये लावावी. ओल हवी, चिखल नको. मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक किडे) असतील, म्हणजे मुळांना गाठी दिसत असतील, तर उंबराच्या खुंटावर, म्हणजे खाली उंबराची मुळं असलेलं, बांधलेलं रोप बघा, तो खुंट बराच तग धरतो.

नर्सरीत स्मिर्ना म्हणून काही गळ्यात मारत असतील तर घेऊ नका, त्या जातीला परागीभवनासाठी खास बारीक माशी लागते, नाहीतर फळं कच्चीच गळतात.

पावसाळ्यात पानांखाली तांबेरा (तांबूस ठिपक्यांचा बुरशीचा रोग) येतोच, आत्ताच खाली पडलेली पानं झाडून जाळा किंवा लांब टाका. आणि कलमाला पहिल्या वर्षी फळ आलं तर खुडून टाका, जिवावर येतं, पण टाकाच.