पारलिंगी संगीतकारांवर लिहिताना सर्वनामांच्या या चुका टाळा

पारलिंगी (ट्रान्सजेंडर), म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या गायिकेवरच्या लेखात पहिल्या ओळीत ‘ती’ असते, दुसऱ्या परिच्छेदात ‘तिला’ असतं आणि तिसऱ्यात मध्येच ‘लहानपणी तासन्‌तास पियानो वाजवायचा’ असं वाक्य येऊन जातं. लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेकदा वाईट काही नसतं. सर्वनाम सांभाळलं की झालं, एवढीच समजूत असते. मराठीत तेवढ्याने भागत नाही. गेला-गेली, नवखा-नवखी, एकटाच-एकटीच, गाणारा-गाणारी हे सगळं कर्त्याचं लिंग उघड करतं. सर्वनाम वाक्यातून गाळलं तरी क्रियापद बोलून जातं. म्हणून त्या व्यक्तीसाठी काय वापरायचं हे लेखाच्या आधीच पक्कं हवं आणि ते प्रत्येक वाक्यात शेवटपर्यंत न्यायला हवं.

फोटो, नाव किंवा आवाजावरून ठरवणं

संगीताबद्दल लिहिताना सर्वांत जास्त फसवतो तो आवाज. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्वरतंतू जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. पुढे एस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेतल्याने मात्र तो पुन्हा वर चढत नाही. त्यामुळे एखाद्या पारलिंगी स्त्रीचा आवाज खर्जातला असू शकतो आणि त्या आवाजावर तिने आयुष्यभर मेहनत घेतलेली असू शकते. ‘पुरुषी आवाजात गाणारी’ असं लिहिलं की गाण्याबद्दल काहीच सांगून होत नाही, उलट ती कोण आहे यावरच शंका घेतली जाते. खर्जातला, भरदार, जवारीदार, मंद्र सप्तकात खुलणारा असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. ते स्वरांबद्दल बोलतात, म्हणून ते वापरा.

ओळख जाणून घ्यायचा सरळ मार्ग म्हणजे त्या कलाकाराने स्वतःच्या पानावर, मुलाखतींत, अल्बमच्या माहितीत स्वतःबद्दल काय लिहिलंय ते पाहणं. बोलणं शक्य असेल तर विचारा, पण प्रश्न नेमका असू द्या: ‘लेखात तुमच्यासाठी ती लिहू की तो? गायक म्हणू की गायिका? जुन्या नावाने निघालेल्या अल्बमचा उल्लेख कसा करू?’ आणि सर्वांत महत्त्वाचं, ‘हे छापलं तर चालेल ना?’ मित्रमंडळींत ‘ती’ असलेल्या व्यक्तीने घरी अजून सांगितलेलं नसू शकतं. आपल्या एका क्रियापदामुळे ते घरी कळलं, तर त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात.

जुन्या काळाबद्दल लिहिताना जुनं लिंग वापरणं

‘तेव्हा तो होता, म्हणून तेव्हाचं तो लिहिलं’ हा युक्तिवाद ऐकायला तर्कशुद्ध वाटतो, आणि म्हणूनच ही चूक अनुभवी लेखकांच्या हातूनही होते. अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांचं उदाहरण घ्या. त्यांच्याविषयी अशी वाक्यं सहज लिहिली जातात:

‘१९६८ मध्ये कार्लोसने जर्मन संगीतकार बाखच्या रचना सिंथसायझरवर वाजवल्या, तेव्हा तो पुरुष होता. पुढे तो स्त्री झाला.’

हेच असं लिहिता येतं:

‘वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना मूग कंपनीच्या सिंथसायझरवर वाजवून १९६८ मध्ये अल्बम काढला. त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. आपण पारलिंगी स्त्री असल्याचं त्यांनी १९७९ मध्ये एका मुलाखतीत जाहीरपणे सांगितलं.’

दुसऱ्या मजकुरात एकही माहिती गळलेली नाही. उलट तारखा नीट लागल्या आहेत. १९७९ हे जगाला कळल्याचं वर्ष आहे, त्या स्त्री ‘झाल्या’ त्याचं नव्हे. जुनं नाव द्यायची गरजही पडली नाही. जुनी ध्वनिमुद्रिका शोधणाऱ्या वाचकाला मदत करायचीच असेल, तर ‘तेव्हाच्या आवृत्तीवर जुनं नाव आहे’ एवढं पुरतं. त्या नावाला ‘खरं नाव’ तर कधीच म्हणू नका. ‘जन्माने पुरुष’, ‘लिंगबदल केलेली’, ‘एकेकाळचा मुलगा’ हेही गाळा आणि ‘ती’ला अवतरणचिन्हांत टाकू नका. शस्त्रक्रिया झाली की नाही याचा गाण्याशी काही संबंध नसतो.

जुने साथीदार मुलाखतीत सवयीने ‘तो’ म्हणतात, तेव्हा काय करायचं? त्यांचं म्हणणं अवतरणात न देता आपल्या शब्दांत मांडा. आशय तोच राहतो.

‘ते’ लिहून सुटका करून घेणं

हा खास मराठीतला गोंधळ आहे. ब्रिटिश पॉप कलाकार सॅम स्मिथ यांनी २०१९ मध्ये स्वतःसाठी इंग्रजीतलं ‘दे’ (they) हे सर्वनाम जाहीर केलं. त्यांची ओळख नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री-पुरुष या दोन चौकटींत न बसणारी. मराठी मजकुरात त्याचं लगेच ‘ते म्हणाले’ होतं आणि वाचकाला सरळ एक आदरणीय पुरुष दिसतो. दुसरं टोक म्हणजे नपुंसकलिंगी ‘ते आलं, ते गायलं’. माणसाबद्दल असं लिहिणं अपमानच आहे. त्या व्यक्तीने स्वतः ते रूप निवडलं असेल, तरच ते वापरा.

यावर मराठीतच चांगले उपाय आहेत. ‘यांनी, त्यांना, त्यांचा’ या रूपांत लिंग दिसत नाही. ‘गातात’ आणि ‘गातील’ यांतही नाही. मग ‘स्मिथ म्हणाले’च्या जागी ‘स्मिथ यांनी सांगितलं’, ‘ते घाबरले होते’च्या जागी ‘त्यांना भीती वाटत होती’, ‘खेड्यात वाढले’च्या जागी ‘बालपण खेड्यात गेलं’, ‘मंचावर आले’च्या जागी ‘मंचावर पाऊल ठेवलं’. दोन-चार परिच्छेद असे लिहून पाहिले की हात बसतो आणि वाक्यं कृत्रिमही वाटत नाहीत. सुरुवातीला एका वाक्यात त्यांची ओळख सांगून टाका, म्हणजे वाचक अडखळत नाही.

पण ज्या गायिकेने ‘मला ती म्हणा’ असं स्पष्ट सांगितलंय, तिच्याबाबतीत हीच युक्ती पळवाट ठरते. अख्खा लेख ‘यांनी-त्यांना’वर काढला, कुठेही ‘ती’ किंवा ‘त्या’ आली नाही, तर तिला ते बरोबर कळतं. तिथे मोकळेपणाने ‘त्या म्हणाल्या’ लिहा.

आणि ‘त्या’च लिहा. त्याच लेखात तबलजींना ‘ते’, निर्मात्यांना ‘ते’ आणि पारलिंगी गायिकेला एकेरी ‘ती’ असेल, तर लिंग बरोबर असूनही मान चुकलेला असतो. एकेरी लिहायचं तर सगळ्यांना एकेरी.

विचारायला कुणी उरलं नसेल तेव्हा

बिली टिप्टन हे अमेरिकन जॅझ पियानोवादक १९८९ मध्ये वारले. अनेक दशकं ते पुरुष म्हणून जगले, वाजवत राहिले, वडील म्हणून त्यांनी मुलं वाढवली. जन्मावेळी त्यांची नोंद मुलगी म्हणून झाली होती, याची मृत्यूनंतर बातमी झाली आणि कित्येकांनी त्यांना ‘ती’ करून टाकलं. माणूस इतकी वर्षं स्वतःला जे म्हणवत आला, त्याहून मोठा पुरावा कुठला शोधायचा? टिप्टन यांना ‘ते’च म्हणायचं.

स्कॉटिश निर्माती-संगीतकार म्हणून अनेक जण सोफीचा उल्लेख करतात. जानेवारी २०२१ मध्ये सोफीचं निधन झालं, तेव्हा प्रतिनिधींनी माध्यमांना कळवलं की सोफीची पसंती कुठलंच सर्वनाम न वापरण्याला होती. अशा वेळी नावच पुन्हा पुन्हा लिहायचं. दोनदा-तीनदा नाव आल्याने मराठी वाक्य बिघडत नाही.

मजकूर पाठवण्याआधी

इंग्रजीवरून यंत्राने केलेला अनुवाद असेल तर प्रत्येक क्रियापद तपासा. इंग्रजी क्रियापदात लिंग नसतं, त्यामुळे वर ‘शी’ (she) असूनही खाली ‘गेला’ उमटतं. नुसतं ‘तो’ शोधून उपयोग नाही. ‘त्याने’, ‘त्याचा’, ‘स्वतः गायलेला’ आणि ‘पहिला पारलिंगी गायक’ अशी विशेषणंही बघा. मथळा, फोटोखालची ओळ आणि टॅग बहुधा दुसरंच कुणी लिहितं, म्हणून तेही मागवून वाचा.

चूक छापली गेलीच तर लगेच दुरुस्त करा आणि खाली ‘आधीच्या मजकुरात चुकीचं सर्वनाम होतं, ते बदललं आहे’ एवढीच टीप द्या. टिपेत चुकीचं रूप किंवा जुनं नाव पुन्हा लिहू नका. कलाकाराला दोन ओळींत माफीचा निरोप पाठवा. आपला हेतू कसा चांगला होता हे त्यात पटवत बसू नका, कारण मग समजूत काढायचं काम तिच्याच गळ्यात पडतं.